चांदमारीचं सामान

आमचे उस्ताद छत्रीला भीत. हसू नका. रत्नागिरीत जन्म काढायचा आणि छत्रीला भ्यायचं म्हणजे काय, ते मलाही कळतं. चार महिने ज्या गावात माणूस छत्रीशिवाय परसाकडेला जात नाही, तिथे हा गृहस्थ भर बाजारात समोरच्याच्या छत्रीच्या टोकावर नजर ठेवून चाले. एखाद्यानं सहज छत्री उचलून "तो बघा, तिकडे जायचा रस्ता" असं कुणाला दाखवलं, की उस्ताद असतील तिथून ओरडत, "छत्री खाली!" एकदा एक मास्तर भाजीवालीशी हुज्जत घालत होते. छत्रीचं टोक तिच्या पडवळांवर रोखलेलं. उस्तादांचा आवाज आला आणि मास्तरांच्या हातून छत्री गटारात पडली.

"अहो हवालदार, ही काय बंदूक आहे काय?" मास्तर चिडून म्हणाले.

"नाय," उस्ताद म्हणाले. "पण हात तोच हाय ना?"

असा हा माणूस आम्हाला बंदूक शिकवीत होता. पोलिसात नवीन भरती झालेल्या रंगरुटांना कवायत, बंदूक आणि चांदमारी शिकवायची, हे त्यांचं काम. शिकवणाऱ्याला आमच्यात उस्ताद म्हणायची पद्धत. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वेळीसुद्धा कुणाच्या तोंडी येत नसे, मग मी तरी आता कशाला सांगू?

पहिली जर्मनची लढाई संपून आठ-दहा वर्षं झाली असतील तेव्हा मी भरती झालो. आमचं गाव देवरुखच्या वरच्या अंगाला. घरटी एक माणूस मुंबईला. मला मुंबई नको होती, म्हणून पोलिसात आलो. आणि पहिल्याच सकाळी वाटलं, गिरणी काय वाईट होती? कारण उस्ताद समोर उभे राहिले आणि कुजबुजल्यासारखं बोलू लागले. ओरडणारा माणूस परवडतो हो. ओरडून मोकळा होतो. उस्ताद छत्रीवर ओरडत, पण बंदुकीजवळ त्यांचा आवाज खाली जाई, कानाच्या पाळ्या लाल होत, आणि आपल्याला आपोआप वाटे की आता काहीतरी होणार.

त्यांनी माझ्या हातात बंदूक दिली. "रिकामी हाय काय बघ."

मी बघितली. "रिकामी आहे, उस्ताद."

त्यांनी माझं मनगट धरलं, बोल्ट मागे ओढला आणि जिथे काडतूस बसतं त्या भोकात माझी करंगळी घातली. "काय लागलं हाताला?"

"काही नाही."

"परत बघ."

परत बघितलं. पुन्हा परत बघितलं. लोखंड गार होतं, आणि माझ्या पाठीवरून घाम चालला होता. "ऐक," ते म्हणाले, "रिकामं मडकं असतं. रिकामं पोट असतं. बंदूक रिकामी नसते. तू बघितलीस तेवढ्यापुरती रिकामी, बाकीच्या वेळी भरलेली." त्या दिवसापासून भरती संपेपर्यंत हातात येईल त्या बंदुकीत मी करंगळी घालून बघत राहिलो.

त्यांची स्वतःची उजवी करंगळी कायम तेलानं काळी असे. दिवसभरात दिसेल त्या बंदुकीच्या भोकात ती जाऊन येई. जेवताना ती तेवढी ताटाबाहेर उभी ठेवत, आणि आमच्यातले टवाळ म्हणत, उस्ताद ब्रह्मदेवाला सुट्टी मागतायत.

चांदमारी म्हणजे काय, हे हल्लीच्या लोकांना सांगायला हवं. गावाबाहेर समुद्राच्या अंगाला सडा होता. नुसता कातळ आणि करवंदीच्या जाळ्या. त्याच्या एका टोकाला मातीचा मोठा ढीग रचलेला. ढिगासमोर पुठ्ठ्याची निशाणं उभी करायची, या टोकाला आम्ही पालथं पडून गोळ्या मारायच्या. गोळी पुठ्ठ्यातून जाऊन ढिगात घुसायची. पुठ्ठ्यांच्या पायाशी एक खंदक. त्यात एक जण बसायचा. गोळी कुठे लागली ते लांब काठीवरच्या पत्र्याच्या चकतीनं दाखवायचं, आणि पडलेलं भोक कागदाचा तुकडा डकवून बुजवायचं, एवढं त्याचं काम. त्याच्याजवळ एक लहान लाल फडका असे. काही बिघडलं तर तो वर करायचा, मग गोळीबार थांबे. आणि सगळ्या सड्यावरून दिसेल असं एक मोठं लाल निशाण आमच्याजवळ, उंच बांबूवर. ते वर असेतोवर त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही.

हे सगळं सामान उस्तादांच्या ताब्यात. एवढ्याशा खोलीत त्यांनी ते देव्हाऱ्यासारखं मांडलेलं. वाळूच्या पिशव्या, ज्यांवर बंदूक टेकवायची, त्यांतली वाळू किनाऱ्यावरून आणून गोड्या पाण्यात धुवून वाळवलेली, नाहीतर मिठानं नळी गंजते म्हणून. सरावासाठी लाकडी काडतुसं, सुताराकडून करून घेतलेली, आणि पिवळ्या रंगात बुडवलेली, म्हणजे आंधळ्यालासुद्धा खऱ्यांत ती मिसळता येऊ नयेत. पुठ्ठे डकवायची खळ ते घरी शिजवीत आणि गुरांनी तोंड लावू नये म्हणून तीत कडू मोरचूद घालीत. आधी घालत नसत. मग एका गाईनं पुठ्ठ्याचं सबंध निशाण खाल्लं, आणि तिला काही झालं तर काय, या काळजीनं उस्ताद दोन दिवस तिच्या गोठ्यात जाऊन बसले. गाय मजेत होती. उस्तादांना मात्र जुलाब लागले.

कानात घालायला ते आम्हाला खोबरेलात भिजवलेले कापसाचे बोळे देत. स्वतः कधी घालत नसत. गोळीबाराच्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. मी एकदा म्हटलं, "उस्ताद, तुम्ही पण घाला की. बहिरे व्हाल."

"व्हईन. पण सगळ्यांनीच कान बुजवले तर ऐकनार कोन?"

आणि ते मोठं लाल निशाण! त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. रिठ्यानं धुवायचे, सावलीत वाळवायचे, कडा उसवली की स्वतः शिवायचे. बांबूवर चढवताना ओठ हलत असत. काय पुटपुटतात ते कुणाला कळलं नाही. आम्ही म्हणायचो, रामरक्षा.

आता एवढा भित्रा माणूस बंदूक शिकवतो म्हटल्यावर लोक गप्प बसतील होय? कुणी म्हणे, लढाईत बसऱ्याला त्यांच्या हातून सोबतीच मारला गेला. कुणी म्हणे, रानडुकराच्या शिकारीत सख्खा मेहुणा गेला. एकानं तर शपथेवर सांगितलं की त्यांची पहिली बायको बंदूक पुसताना मेली. उस्तादांचं एकच लग्न झालेलं होतं आणि ती बाई आम्हाला आमसुलाचं सार पाजत होती. शेवटी मी धीर करून विचारलं. आम्ही दोघं नळ्या पुसत बसलो होतो, दोरीला चिंधी बांधून ओढत.

"उस्ताद, काय झालं होतं?"

"कशाचं?"

"म्हणजे… तुम्ही एवढं भिता ते."

त्यांनी चिंधी उजेडाकडे धरून काळी झालीय का बघितलं. "काय नाय झालं. अजून काय झालंच नाय, म्हणून भितो. एकदा झालं असतं तर सवय झाली असती."

मला वाटलं, चेष्टा करतायत. कानाच्या पाळ्या बघितल्या. लाल होत्या.

ढिगात जी गोळी घुसे ती शिशाची. आणि सड्याखाली, उताराच्या पायथ्याशी खारव्यांची वाडी. पाग म्हणून फेकायचं जाळं असतं ना, त्याच्या कडेला शिशाचे मणी लागतात, म्हणजे ते झटकन बुडतं. शिसं बाजारात विकत घ्यायचं तर महाग. इथे सरकार डोक्यावर आणून फुकट ओततंय. गोळीबार संपला, निशाण खाली आलं की वाडीतल्या बाया टोपल्या घेऊन ढिगावर येत आणि काटक्यांनी माती उकरून शिसं वेचून नेत. नियमात बसत नव्हतं. पण सगळे तिकडे पाठ फिरवत. उस्तादही. निशाण उतरल्याशिवाय यायचं नाही, एवढं त्यांनी बायांना बजावून ठेवलेलं.

आमची भरतीची शेवटची चांदमारी आली त्या दिवशी कुठून तरी एक गोरा साहेब तपासणीला येणार होता. साहेबाला उशीर झाला. खंदकात माझी पाळी होती. आमच्या सोबत्यांनी आपापल्या गोळ्या मारल्या, मी भोकं बुजवली, आणि मग सगळं शांत झालं. साहेबाची वाट बघत सगळे थांबले. खंदकात ऊन उतरलं होतं. खळीचा आंबूस वास, वर आभाळ, बाकी काही दिसत नाही. एरवी गोळ्या डोक्यावरून सूं सूं जातात तेव्हा भीती वाटते. पण त्या दिवशी मला त्या शांततेचीच जास्त भीती वाटली. उगाच वाटत होतं, मागे कुणीतरी आहे.

मागे वळून बघतो तो ढिगाच्या अंगावर एक बाई उकिडवी बसून माती उकरतेय.

पाठीमागच्या बाजूनं वळसा घालून आली असणार. टोपली शेजारी, पदर खोचलेला. "गो बाय!" मी ओरडलो. "खाली उतर! पळ! निशाण वर आहे!"

तिनं माझ्याकडे बघितलं. "वरडतंस कशाला? कवाची बंद झाली तुमची फटफट."

तिचं वाक्य पुरं होतंय तोच गोळी आली. तिच्यापासून हातभरावर माती उडाली. बाई उठून उभी राहिली आणि तशीच राहिली. पळेना, बसेना. मी लाल फडका काठीला लावून वर केला आणि हलवत सुटलो. ओरडत होतो, पण काय ओरडत होतो ते आठवत नाही. खंदकाबाहेर यायचं म्हणजे गोळीच्या वाटेत यायचं, म्हणून मी आतच राहिलो. फडका हलवताना एकच दिसत होतं. बाई उभी आहे, आणि तिच्या छातीपाशी उन्हात एक मंगळसूत्र चमकतंय.

दुसरा बार झाला. मी डोळे मिटले. उघडले तर बाई उभीच होती.

बंदुकांच्या टोकाला काय झालं ते सोबत्यांनी नंतर सांगितलं. साहेब आला तोच घाईत. त्याला स्वतः बंदूक चालवून बघायची हुक्की आली. उस्ताद म्हणाले, "सरकार, मी एकदा तिकडे जाऊन बघून येतो." साहेब कसला थांबतो! पालथा पडला, एक डोळा मिटला आणि बार काढला. दुसरं काडतूस भरलं. सगळ्यांच्या कानात बोळे. साहेबाचा उघडा डोळा माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर. माझा फडका या गडबडीत कुणाला दिसलाच नाही. पण उस्तादांनी मान तिरकी केली. वाऱ्यावरून माझं ओरडणं त्यांच्या कानावर गेलं होतं. ओरडून बोळे घातलेल्या कानांत काही जाणार नव्हतं. साहेबाच्या बंदुकीला हात लावायची हवालदाराची प्राज्ञा नाही. त्यांनी शेजारचा बांबू उपटला आणि ते मोठं लाल निशाण साहेबाच्या बंदुकीवर आडवं घातलं. बांबूच्या वजनानं नळी खाली गेली, आणि साहेबाच्या बोटाखाली चाप दबला. गोळी निशाणातून आरपार गेली आणि कातळावर आपटून कुठे गेली देव जाणे.

उस्ताद सड्यावरून चालत आमच्याकडे आले. पळत नाही, चालत. चेहरा पांढराफटक पडला होता. बाईजवळ आल्यावर ते मातीत बसलेच. ती आता सांडलेलं शिसं पुन्हा टोपलीत भरत होती.

"निशान वर होतं ना गो?" उस्तादांनी विचारलं. "दिसलं नाय तुला?"

"दिसला तर. दिसला म्हनून तर आलं."

"काय?"

"निशान लागला की आमी घरातना निघतों. निशान नाय तर आमाला कसा कळनार, आज शिसा हाय म्हनून? सगळ्याच निघतात. मागल्या अंगाला बसून रवतों." मग ती रडायलाच लागली. "उशिरा आलं तर दुसऱ्या नेतात हो. मागल्या खेपेला बी मोकळी टोपली घेऊन गेलं."

उस्ताद उठले, ढिगाला वळसा घालून मागे गेले. मीही मागोमाग गेलो. मागच्या उतारावर करवंदीच्या आडोशाला वाडीतल्या बाया ओळीनं बसल्या होत्या, टोपल्या मांडीवर घेऊन, देवळात प्रसादाला बसावं तशा. एक पोटुशी होती. एकीच्या कडेवर मूल होतं. गोळी ढिगावरून चार बोटं वर गेली असती तर! उस्तादांनी त्यांच्याकडे बघितलं, मग वळून लांब आमच्या टोकाकडे बघितलं. निशाण तिथे आता आडवं पडलं होतं.

"म्हंजे मीच बोलवत होतो," ते म्हणाले. "रिठ्यानं धुवून." मला त्यांची त्या दिवशी जेवढी दया आली तेवढी आयुष्यात कुणाची आली नाही.

साहेबानं बाईला आपल्या डोळ्यांनी पाहिलं. पण बाई वाचली म्हणून शाबासकी मिळाली नाही, आणि बंदुकीवर निशाण टाकलं म्हणून उस्तादांच्या बाहीवरची पट्टी गेली. शिकवायचं काम मात्र त्यांच्याकडेच राहिलं, कारण दुसरं कोणी घेईना.

भरती संपली तरी मी उस्तादांच्या हाताखालीच राहिलो. पुढच्या चांदमारीपासून त्यांनी नवंच सुरू केलं. आदल्या दिवशी स्वतः पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून वाडीत जात, घराघरातून सांगत, आणि गोळीबाराच्या दिवशी सगळ्या बायांना आमच्या मागे, आपल्या डोळ्यांसमोर बसवत. पुढे पालथे पडलेले रंगरूट, मागे खारविणी, टोपल्या, कडेवरची पोरं. बाया आमच्या नेमांची टिंगल करत. "ह्या मेल्यानं काय मारलान? ढीग चुकला ना त्याचा!" उस्ताद एकेकीचं तोंड बघत, कोण आली नाही ते विचारत, घरी माणूस पाठवून खात्री करत, आणि मग निशाण चढवत. शेवटी सगळ्यांना शिसं सारखं वाटून देत. सरकारी मालाची ही वाटणी वरच्यांच्या कानावर गेलीच असणार. जाऊ दे. निशाणातलं भोक मात्र त्यांनी बुजवलं नाही. जन्मभर पुठ्ठ्यांची भोकं बुजवत आलेला माणूस, पण त्याला हात लावला नाही.

उस्ताद पेन्शनीत गेले तेव्हा सामान माझ्या ताब्यात आलं. त्यांनी एकेक वस्तू हातात देऊन समजावली. निशाण शेवटी दिलं, ओठ हलवले, आणि मागे न बघता एसटीबिसटी नसलेल्या त्या काळात बैलगाडीनं गावाला गेले.

मग माझी झोप उडाली. खोटं कशाला सांगू? गोळीबार जवळ आला की अन्न गोड लागेना. स्वप्नात ती बाई ढिगावर उभी. दिवसा कुणी काठी रोखली तरी छातीत धडधड. बायकोनं दृष्ट काढली, देवरुखच्या वैद्याचा काढा झाला. शेवटी देवरुखला काम निघालं तेव्हा वाट वाकडी करून उस्तादांच्या घरी गेलो.

भर दुपारी ओटीवर ते घोरत पडले होते. दार सताड उघडं. अंगावर चांगलं मांस आलेलं. आणि शेजारी त्यांची छत्री, टोक सरळ दाराकडे, म्हणजे माझ्याकडे. मी बाजूला सरकलो, वाकलो, आणि छत्री भिंतीकडे वळवून ठेवली. वर बघतो तो उस्ताद एक डोळा उघडून माझ्याकडे बघत होते.

"लागलं म्हनायचं तुला," ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. झोप, स्वप्न, काढा. म्हटलं, "उस्ताद, हे जाईल कसं? तुमचं कसं गेलं?"

"गेलं कुटं? दिलं." ते उठून बसले. "चांदमारीवर काय काय लागतं? पुठ्ठा लागतो, खळ लागते, वाळू लागते, निशान लागतं. आनी भिनारा एक मानूस लागतो. ते पन सामानच रे. बाकीच्यांनी बिनघोर गोळ्या मारायच्या तर कोनीतरी भ्यायला हवं ना? मी एवढी वर्षं भ्यालो. आता तू भी. मी झोपतो."

"आणि मी कुणाला देऊ?"

"बघशील कोनतरी. दिसतो तो. करंगळी परत परत घालतो."

वहिनींनी, म्हणजे उस्तादांच्या बायकोनं, सार दिलं. निघताना पावसाची भुरभुर आली, म्हणून उस्ताद छत्री घेऊन मला अंगणाच्या गडग्यापर्यंत पोचवायला आले. मला खालची जवळची वाट माहीत नव्हती. त्यांनी छत्री मिटली, टोक उचललं आणि माझ्या खांद्यावरून पुढे रोखून म्हणाले, "ती बघ, त्या फणसाकडनं खाली…"

"छत्री खाली!"

आवाज माझा होता. माझ्याच अंगावर काटा आला. समोरच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

उस्तादांनी झटकन छत्री खाली केली आणि ताठ उभे राहिले, रंगरूट राहतो तसे. माझ्या कानाच्या पाळ्यांकडे बघितलं. "बरोबर," म्हणाले, आणि वळून घरात झोपायला गेले.